निबंधात ‘करतोय’ लिहावे की ‘करतो आहे’?

दहावीच्या एका वहीत हे वाक्य होते: ‘पाऊस थांबलाय, पण शेतकरी अजून आभाळाकडे पाहत आहे, कारण त्याचं पीक पाण्यात गेले आहे.’ ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधायला बसलात तर एकही सापडणार नाही. अर्थ स्वच्छ आहे, चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. तरी वाचताना ठेच लागते. ‘थांबलाय’ हे अंगणात बसून बोलल्यासारखे, ‘पाहत आहे’ हे पुस्तकातल्यासारखे, ‘त्याचं’ पुन्हा अंगणातले आणि ‘गेले आहे’ पुन्हा पुस्तकातले. एका वाक्यात लिहिणाऱ्याने तीन वेळा जागा बदलली आणि त्याला ते कळलेही नाही.

न कळण्याचे कारण सरळ आहे. आपण मराठी कानाने शिकतो. घरात, गाडीत, मैदानावर ‘करतो आहे’ असे कोणी सुटे सुटे बोलत नाही, ‘करतोय’ म्हणतो. ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत त्यांचेही तसेच. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून मित्रांकडून, शेजाऱ्यांकडून मराठी उचललेली कितीतरी मुले मराठीत निबंध लिहू लागली आहेत. जे ऐकले तेच त्यांच्या हातून कागदावर उतरते. हा लेख त्या मुलांसाठी, महाविद्यालयात पहिल्यांदा मराठीत प्रकल्प किंवा शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी आणि त्यांना घरी मदत करणाऱ्या आईवडिलांसाठी आहे.

आधी ओळखायला शिका

बोलताना शब्द आखडतात, कधी लिहितानाही. ते चार तऱ्हांनी आखडतात आणि चारही तऱ्हा निबंधात वेगवेगळ्या रीतीने हाताळाव्या लागतात.

पहिली तऱ्हा म्हणजे ‘आहे’ आधीच्या शब्दात विरघळतो: करतो आहे – करतोय, गेला आहे – गेलाय, जायचे आहे – जायचंय, कुठे आहे – कुठंय, माहीत आहे – माहितेय. दुसरी तऱ्हा म्हणजे शेवटचा ‘ए’ जाऊन त्याजागी अनुस्वार येतो: असे – असं, केले – केलं, त्याने – त्यानं, मुले – मुलं. तिसरीत मधला आवाज गिळला जातो: म्हणजे – म्हंजे, पाहिजे – पायजे, राहिलो – राह्यलो, नाहीतर – नायतर, नाही – नै. चौथी तऱ्हा बोलण्यातली नाही, लिहिण्यातली आहे: उदा., इ., डॉ., क्र. असे टिंब देऊन तोडलेले शब्द. त्यांना या लेखात मी संक्षेप म्हणतो आणि पहिल्या तिन्हींना आखूड रूपे.

तिसऱ्या तऱ्हेबद्दल फार बोलायला नको. ‘म्हंजे’ आणि ‘पायजे’ निबंधात लिहायचे नाहीत, हे बहुतेकांना सांगावे लागत नाही. खरी अडचण पहिल्या दोन तऱ्हांची आहे, कारण ती रूपे हल्ली छापील मजकुरातही दिसतात आणि म्हणून ‘चालत असावीत’ असे वाटते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. काही आखूड रूपे व्याकरणाने केव्हाच आपली म्हणून घेतली आहेत. ‘नव्हता’ म्हणजे ‘न होता’, ‘नसतो’ म्हणजे ‘न असतो’, ‘नव्हे’ म्हणजे ‘न होय’. ही रूपे कितीही औपचारिक लेखनात चालतात. ती सोडवायला गेलात तर वाक्यच मोडेल. ‘नाही’ हादेखील त्याच घरातला शब्द आहे, त्यात ‘आहे’ आधीच येऊन बसला आहे. म्हणून ‘नाहीये’ उघडताना, म्हणजे पूर्ण रूपात लिहिताना, ‘नाही आहे’ असे लिहू नका, नुसते ‘नाही’ लिहा. ‘नाहीयेत’चे ‘नाहीत’ होते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या वह्यांत ‘तो घरी नाही आहे’ हमखास सापडते. आखूड रूप सोडवण्याच्या उत्साहात ती गाठीचा धागाच कापून टाकतात.

पायरी पहिली: कोण बोलते आहे ते ठरवा

पेन उचलण्याआधी स्वतःला विचारा, हा निबंध कोणाच्या आवाजात आहे? सगळा निर्णय इथे होतो. ‘करतोय’ चूक की बरोबर हा प्रश्न एकट्या शब्दाला विचारता येत नाही.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आहेत. १९६२ साली १४ नियम आले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांत बोलण्याच्या भाषेचा विचार केलेला आहे: पात्राच्या तोंडी बोलणे घालताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी अनुस्वाराची रूपे द्यायला मोकळीक आहे. म्हणजे हे रूप नियमांनी हद्दपार केलेले नाही. त्याची जागा ठरवून दिली आहे आणि ती जागा अवतरणचिन्हांच्या आत आहे.

वैचारिक निबंधात तुम्ही स्वतः, वाचकापासून जरा अंतर राखून, एक मुद्दा मांडत असता. तिथे सगळी रूपे उघडी हवीत. औपचारिक पत्र, बातमी, सारांश, प्रकल्पाचा अहवाल, शोधनिबंध यांनाही हेच लागू. प्रसंगलेखनात आणि कथेत दोन आवाज असतात: सांगणाऱ्याचा आणि माणसांचा. सांगणाऱ्याचा आवाज उघड्या रूपांत ठेवा, माणसांना मात्र त्यांच्या तोंडचे बोलू द्या. आजी म्हणाली, ‘अरे, दिवे लागलेत, आता कुठं निघालायस?’ हे वाक्य ‘दिवे लागले आहेत, आता कुठे निघाला आहेस?’ असे लिहिले, तर आजी सरकारी नोटीस वाचून दाखवते आहे असे वाटेल. संवादात रूपे उघडणे ही निवेदनात ती न उघडण्याइतकीच मोठी चूक आहे आणि ती हुशार मुलांच्या हातून जास्त होते.

मग येते आत्मकथन. ‘मी नदी बोलतेय’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘मी शाळेचा फळा’. इथे मुले आणि शिक्षक दोघेही अडतात. आत्मकथनात पूर्ण निबंधच कोणाच्या तरी तोंडचा असतो. मग सगळा निबंध अवतरणचिन्हांत आहे असे समजून आखूड रूपे वापरावीत का? माझे मत असे की वापरता येतात, पण आधी पात्र कोण आहे ते पाहा. शंभर वर्षांचा वाडा बोलत असेल, तर त्याच्या तोंडी ‘मी पाहतो आहे’ शोभते; त्या सुट्या शब्दांत त्याचा संथपणा येतो. शाळेतला फुटका चेंडू बोलत असेल, तर ‘पडलोय कोपऱ्यात, कोणी विचारत नाही’ हेच खरे वाटते. कुठलाही आवाज निवडा, पण पहिल्या ओळीत जो निवडलात तोच शेवटच्या ओळीपर्यंत चालवा. चेंडू दुसऱ्या परिच्छेदात एकदम ‘मानवाने क्रीडेचे महत्त्व ओळखले पाहिजे’ असे बोलू लागला, की तो चेंडू राहत नाही. आणि परीक्षेत जराही शंका असेल, तर उघडी रूपे घ्या. ‘मी नदी बोलते आहे’ या मथळ्यावर कोणीही लाल रेघ मारणार नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातला ललित लेख ही वेगळी जागा आहे. तिथे ‘असं’, ‘केलं’, ‘वाटतं’ ही रूपे आता रुळली आहेत आणि ती जवळीक आणतात. मात्र तोच लेख मराठीच्या प्राध्यापकांकडे मूल्यमापनासाठी द्यायचा असेल, तर त्यांना आधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पायरी दुसरी: दडलेला ‘आहे’ बाहेर काढा

पहिला मसुदा मनमोकळा लिहा. लिहिताना प्रत्येक शब्दापाशी थबकलात तर विचार तुटतो. मग दुसऱ्या वाचनात फक्त वाक्यांचे शेवट पाहा. ज्या क्रियापदाच्या टोकाला ‘य’, ‘ये’ किंवा ‘त’ चिकटला आहे तिथे थांबा आणि आत ‘आहे’ किंवा ‘आहेत’ दडला आहे का ते पाहा.

करतोय – करतो आहे. बोलतेय – बोलते आहे. पडतंय – पडते आहे. करताहेत – करत आहेत. गेलाय – गेला आहे. गेलीय – गेली आहे. झालंय – झाले आहे. आल्यात – आल्या आहेत. सांगायचंय – सांगायचे आहे. हवाय – हवा आहे. नकोय – नको आहे.

‘करतो आहे’ की ‘करत आहे’ की ‘करीत आहे’? तिन्ही चालतात. ‘करीत’ जरा जुन्या वळणाचे, ‘करत’ आजचे, ‘करतो आहे’ बोलण्याला जवळचे. एक निवडा आणि त्याच निबंधात दुसऱ्याकडे जाऊ नका.

उघडून लिहा असे मी आग्रहाने सांगतो त्याला दोन कारणे आहेत आणि ‘ते शुद्ध असते’ हे त्यांतले नाही. पहिले कारण असे, की आखूड रूपांना ठरलेले लेखन नाही. ‘ती गेली आहे’ हे सगळा महाराष्ट्र एकाच तऱ्हेने लिहितो. तेच आखडले की गेलीय, गेलीये, गेलिये, गेल्ये असे चार जण चार तऱ्हांनी लिहितात आणि त्यांतले कोणते बरोबर हे सांगायला नियम नाही, कारण प्रत्येक जण आपल्या कानाला आले ते लिहितो. ‘माहीत आहे’चे तर माहितेय, माहितीये, माहित्ये असे काहीही होते. जिथे ऱ्हस्व-दीर्घासाठी गुण जातात तिथे असा बिनठरावाचा शब्द कशाला घ्यायचा?

दुसरे कारण अर्थाचे. ‘या गावासाठी अनेक प्रयत्न केलेत’ हे वाक्य पाहा. केले आहेत, असे म्हणायचे आहे, की ‘तुम्ही केलेत’ असे समोरच्याला म्हणायचे आहे? बोलताना समोर माणूस असतो, हातवारे असतात, घोटाळा होत नाही. कागदावर वाचणारा एकटा असतो. ‘केले आहेत’ लिहिले की संशय संपला. ‘दिलेत’, ‘आणलेत’, ‘पाहिलेत’ ही सगळी रूपे अशीच दुहेरी आहेत. शोधनिबंधात तर हा घोटाळा परवडणारच नाही.

पायरी तिसरी: डोक्यावरचा बिंदू

आता दुसरी तऱ्हा: असं, केलं, माझं, घरं. हिला मी जास्त जागा देतो आहे, कारण इथे सुधारायला जाऊन नवी चूक होते.

जुनी पुस्तके पाहिली असतील तर त्यांत ‘केलें’, ‘माझें’, ‘घरें’, ‘त्यानें’, ‘तेथें’ असे छापलेले दिसेल. हे बिंदू उच्चारात येत नसत, पण लिहीत असत. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘केलें’चे ‘केले’ झाले. बोलण्यात मात्र त्याच शब्दांचे ‘केलं’, ‘माझं’, ‘घरं’, ‘त्यानं’, ‘तिथं’ होते. म्हणजे बोलण्यातला ‘अं’ आणि जुन्या लेखनातला ‘एं’ साधारण एकाच जागी बसतात. नपुंसकलिंगी रूपांत तो येतो. ‘ने’, ‘मुळे’, ‘पुढे’, ‘कडे’ यांच्या शेवटी येतो. पुल्लिंगी अनेकवचनात येत नाही. ‘आंबे’, ‘डोळे’, ‘रस्ते’ यांवर जुन्या काळीही बिंदू नव्हता.

हे कळले की पुढचा गुंता सुटतो. ‘मूल आलं’ हे उघडले की ‘मूल आले’ होते. ‘मुलगे आले’ हे मुळातच उघडे आहे, त्याला काही करायचे नाही. ‘घरं पडली’चे ‘घरे पडली’ होते. ‘ते काम झालं’चे ‘ते काम झाले’ आणि ‘ते सर आले’ जसेच्या तसे. वाक्यात नपुंसकलिंगी नाम कोणते ते शोधा, त्याच्या अवतीभवतीचे सगळे ‘अं’ एकदम ‘ए’ करा. ‘त्याचं जुनं घर पडलं’ यात तीन बिंदू आहेत. तिन्ही बदला: ‘त्याचे जुने घर पडले.’ दोन बदलून एक विसरला, की सुरुवातीच्या शेतकऱ्याच्या पिकासारखे होते.

दोन सापळे आहेत. एक, प्रत्येक ‘अं’ बदलायचा नसतो. ‘स्वयं’, ‘अगं’, ‘हं’ यांना हात लावायचा नाही. दुसरा, बदलल्यावर कधीकधी अर्थ पसरतो. ‘सगळं संपलं’ म्हणजे काय ते लगेच कळते. ‘सगळे संपले’ वाचले की माणसे संपली की काय, असे वाटते. अशा वेळी नाम भरा: ‘सगळे धान्य संपले.’ वाक्य उलट जास्त नेमके होते.

या पायरीचा एक मोठा फायदा मला वह्या तपासताना दिसतो. बिंदूची रूपे वापरणाऱ्या मुलांकडून बिंदूच विसरतो. ‘मला वाटत’, ‘तिच म्हणण’, ‘सगळ गाव’. फोनवर टंकताना तर हे फार होते. ‘वाटतं’ लिहिणाऱ्याला दर शब्दावर टिंब आठवावे लागते. ‘वाटते’ लिहिणाऱ्याची मात्रा सहसा सुटत नाही. शुद्धलेखनात गुण जाणाऱ्या मुलांना मी पहिली हीच सवय लावायला सांगतो.

पायरी चौथी: उघडलेले वाक्य जड होऊ देऊ नका

रूपे उघडली की निबंधात ‘आहे’ची रांग लागते. ‘प्रदूषण वाढत चालले आहे. नद्या दूषित झाल्या आहेत. मासे मरत आहेत. सरकार प्रयत्न करत आहे.’ व्याकरण ठीक, पण वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच खिळा टोचतो. अनेकदा तिथे ‘आहे’ची गरजच नसते. ‘प्रदूषण वाढते. नद्यांत मासे जगत नाहीत.’ नेहमी घडणारी गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगा आणि ‘आहे’ त्याच जागी ठेवा, जिथे आत्ता, या घडीला चाललेले काही दाखवायचे आहे.

आणि उघडे लिहायचे म्हणून कार्यालयात जाऊन बसू नका. ‘केलंय’ची औपचारिक बाजू ‘केले आहे’ ही आहे. ‘करण्यात आलेले आहे’ ही नव्हे. ‘गावात झाडे लावण्यात आलेली आहेत’ या वाक्यात झाडे कोणी लावली तेच हरवले. ‘शाळेतल्या मुलांनी गावात झाडे लावली’ हे वाक्य कितीही औपचारिक निबंधात मानाने बसते. औपचारिक म्हणजे अवघड, ही समजूत ज्याने कोणी मुलांच्या डोक्यात घातली त्याने मराठीचे नुकसान केले आहे.

गावाकडच्या रूपांबद्दल

विदर्भातला मुलगा ‘मी करून राहिलो’ म्हणतो. मराठवाड्यात ‘काय करायलास?’ विचारतात, कोल्हापुरात ‘काय करालाईस?’. कोकणात ‘गेला होता’चे ‘गेलावता’ होते. ही सगळीही आखूड किंवा वळलेली रूपेच आहेत आणि पुण्या-मुंबईच्या ‘करतोय’पेक्षा ती तसूभरही खालची नाहीत. औपचारिक निबंधात ‘करतोय’ही उघडायचे आणि ‘करालाईस’ही, दोघांना एकच न्याय. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, की या रूपांपुढे ‘अशुद्ध’ लिहू नये. ‘बोलीतले रूप, इथे प्रमाण रूप हवे’ एवढे लिहिले तरी पुरते आणि मुलाला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटत नाही. संवादात तर ही रूपे जरूर येऊ द्या. नांदेडची आजी पुणेरी बोलू लागली तर कथा खोटी पडते.

पायरी पाचवी: टिंब दिलेले संक्षेप

मराठीला संक्षेपांची हौस जुनी आहे. पत्राच्या मायन्यात ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, पाकिटावर ‘मु. पो., ता., जि.’. पत्रात आणि पाकिटावर ते शोभतात, कारण तिथे जागा थोडी असते आणि वाचणाऱ्याला ठरावीक साचा माहीत असतो. निबंधाच्या वाहत्या वाक्यात तेच संक्षेप खड्ड्यासारखे लागतात.

नावाआधीचे संक्षेप ठेवा: डॉ. बाबासाहेब आंबेडकर, श्री., सौ. ‘श्रीमती’ पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नाही. आदराची पदे मात्र तोडू नका. ‘म. फुले’, ‘लो. टिळक’, ‘न्या. रानडे’ हे वर्तमानपत्राच्या मथळ्यात जागेपायी चालते. निबंधात महात्मा फुले, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे असे पूर्ण लिहा. ‘प. महाराष्ट्र’ नको, पश्चिम महाराष्ट्र हवा.

‘उदा.’ऐवजी ‘उदाहरणार्थ’ किंवा त्याहून चांगले ‘जसे’. ‘इ.’ऐवजी ‘इत्यादी’ किंवा ‘वगैरे’. आणि ‘गहू, ज्वारी, बाजरी वगैरे इ.’ असे दोन्ही नकोत. तसे पाहिले तर ‘इत्यादी’ बहुतेक वेळा पुढचे आठवत नाही म्हणून येते. तीन नावे नीट द्या आणि वाक्य संपवा. ‘कि.मी.’, ‘रु.’ हे तक्त्यात ठेवा. वाक्यात ‘५ किलोमीटर’, ‘२०० रुपये’, ‘४० टक्के’. ‘स. १० वा.’ निमंत्रणपत्रिकेत, निबंधात ‘सकाळी १० वाजता’. संस्थेचे लांब नाव पहिल्यांदा पूर्ण लिहून पुढे तिचे ओळखीचे लघुरूप वापरलेत तर हरकत नाही, पण त्या लघुरूपाने निबंधाची सुरुवात करू नका.

एक उतारा, दोनदा सुधारलेला

सातवी-आठवीतले मूल असे लिहील:

‘आमच्या गावातलं वाचनालय वर्षभर बंद पडलंय. पुस्तकं धूळ खातायत, उदा. गोष्टींची, कवितांची इ. मुलांना वाचायचंय, पण त्यांच्याकडं पुस्तकं नाहीयेत. सरपंचांना किल्ली सापडलीय म्हणे. मला वाटत, की वाचनालय रोज २ तास तरी उघडं पायजे.’

आधी फक्त रूपे उघडू:

‘आमच्या गावातले वाचनालय वर्षभर बंद पडले आहे. पुस्तके धूळ खात आहेत, उदाहरणार्थ गोष्टींची, कवितांची इत्यादी. मुलांना वाचायचे आहे, पण त्यांच्याकडे पुस्तके नाहीत. सरपंचांना किल्ली सापडली आहे म्हणे. मला वाटते, की वाचनालय रोज दोन तास तरी उघडे पाहिजे.’

परीक्षेला एवढे पुरेल. वेळ असेल, तर चौथी पायरी लावा:

‘आमच्या गावातले वाचनालय वर्षभर बंद आहे. गोष्टींची, कवितांची पुस्तके कपाटात धूळ खातात. मुलांना वाचायचे आहे, पण घरी पुस्तके नाहीत. किल्ली सापडली, असे सरपंच सांगतात. आता वाचनालय रोज निदान दोन तास उघडायला हवे.’

पाहा, ‘आहे’ दोनच उरले. ‘म्हणे’ गेले, कारण वैचारिक लेखनात ऐकीव गोष्ट कोणाची ते सांगावे लागते. ‘मला वाटते’ही गेले आणि मत उलट ठाम झाले. शेवटच्या वाक्यात ‘वाचनालय’ हा शब्द मुद्दाम पुन्हा घेतला आहे. तिथे ‘ते’ घातले असते तर सरपंचच उघडायला हवेत असे वाचले गेले असते.

इंग्रजीच्या निबंधात

मराठीत ही सवय लागली की इंग्रजीतही उपयोगी पडते. ‘डोन्ट’चे ‘डू नॉट’, ‘इट्स’चे ‘इट इज’, ‘वोन्ट’चे ‘विल नॉट’ करायचे. ‘कान्ट’ उघडल्यावर ‘कॅनॉट’ हा एकच जोडशब्द होतो, दोन सुटे शब्द नव्हेत. अपॉस्ट्रॉफीचा ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ आणि बिनअपॉस्ट्रॉफीचा ‘इट्स’ म्हणजे ‘त्याचा’. जिथे ‘इट इज’ घालून वाक्य जुळत नाही तिथे अपॉस्ट्रॉफी काढून टाका. आणि कानाने ऐकून ‘वुड ऑफ’ लिहिणारी मुले बरीच आहेत. ते मुळात ‘वुड हॅव’ असते. अवतरण देताना मात्र मूळ लेखकाचे ‘डोन्ट’ तसेच ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही.

शेवटची पाच मिनिटे

परीक्षेत सगळा निबंध पुन्हा वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून कुठे पाहायचे ते आधी ठरवून ठेवा. सुरुवात करताना मूल सावध असते, पहिला परिच्छेद बहुतेक वेळा नीट असतो. लिहिण्याच्या भरात, दुसऱ्या पानाच्या मध्याजवळ, कान हाताचा ताबा घेतो आणि ‘असं’, ‘झालंय’ सुरू होते. तेव्हा वाचायला पहिल्या ओळीपासून बसू नका, दुसऱ्या पानाच्या मधून बसा. बोट फक्त वाक्यांच्या शेवटावरून फिरवा, ‘य’ आणि ‘त’ शोधा. मग पुन्हा एकदा फक्त शिरोरेषेवरचे बिंदू पाहत जा. संवाद आला की बोट उचलून त्यावरून पुढे जा. हे झाल्यावर वेळ उरला, तर पहिले पान.